एका आकड्यात मावलेलं जग

घरात कुणाच्या फोनवर माइनक्राफ्ट असेल, तर नवं जग सुरू करण्याआधीच्या पडद्यावर जरा थांबा. तिथे ‘सीड’ नावाची एक छोटी रिकामी चौकट असते. बहुतेक जण तिच्याकडे न बघताच पुढे जातात. तुम्ही मात्र तिच्यात एक आकडा टाका. कुठलाही. सदाशिव पेठेचा पिन कोड टाका, ४११०३०. किंवा आजीच्या जन्माचं साल टाका. काही क्षणांत समोर डोंगर उभे राहतात, नद्या वळणं घेतात, बर्फाचे सुळके दिसू लागतात, आणि पायाखाली मैलोन् मैल गुहा पसरलेल्या असतात.

आता तोच आकडा टोरांटोतल्या तुमच्या मावसभावाला कळवा. खेळाची आवृत्ती तीच असेल तर त्याच्या पडद्यावरही तोच डोंगर, त्याच जागी, त्याच उंचीचा. नदीचं वळण तेच, गुहेचं तोंडही तिथेच. तुमच्या फोनवरून त्याच्याकडे एकही चित्र गेलेलं नाही, नकाशा गेलेला नाही. गेला तो फक्त सहा अंकांचा आकडा. सबंध जग त्यात कसं मावलं?

जग म्हणजे केवढं, ते आधी बघू. मार्कुस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९ साली एकट्याने सुरू केलेला हा खेळ. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या, आणि आजही जगातल्या सर्वात आवडीने खेळल्या जाणाऱ्या खेळांत तो आहे. त्यातलं जग ठोकळ्यांचं. एक ठोकळा एक मीटरचा धरतात. मध्यापासून चारी दिशांना तीन-तीन कोटी ठोकळे गेलं की हद्द लागते. म्हणजे लांबी साठ हजार किलोमीटर, रुंदी तेवढीच, क्षेत्रफळ ३६० कोटी चौरस किलोमीटर. आपल्या पृथ्वीचा समुद्रांसकट सगळा पृष्ठभाग आहे सुमारे ५१ कोटी. सात पृथ्व्या! खेळातला माणूस सेकंदाला ४.३ मीटर चालतो. मध्यापासून हद्दीपर्यंत तो न थांबता, न झोपता चालत राहिला तरी ऐंशी दिवस लागतात.

शिवाय हे जग सपाट नाही, ३८४ ठोकळे उंच आहे. एकेका ठोकळ्याची नोंद एका बाइटमध्ये उरकायची म्हटली, तरी सगळं जग साठवायला एक-एक टेराबाइटच्या जवळपास १४ लाख हार्ड डिस्क लागतील. आणि खेळ मावतो फोनमध्ये.

मग उरलेलं जग असतं कुठे? कुठेच नसतं. तुम्ही जिथवर पोचलात तेवढाच भाग तयार होतो आणि डिस्कवर लिहिला जातो. पलीकडच्या डोंगरामागे काय आहे ते अजून कुणी मोजलेलंच नसतं. पण ठरलेलं मात्र असतं! याच एका गोष्टीपाशी माझा श्वास दरवेळी अडकतो.

पंचांग आठवा. पंचांगकर्त्याकडे पुढच्या शंभर वर्षांच्या रात्रींची छायाचित्रं नसतात, गणित असतं. २०९१ सालच्या कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कुठे असेल हे काढायला मधल्या हजारो रात्री एकेक करून मोजाव्या लागत नाहीत. तारीख गणितात घातली की उत्तर हजर. आणि ते गणित सोलापुरात केलं काय किंवा नागपुरात केलं काय, चंद्र एकाच जागी निघतो. माइनक्राफ्टचं जग हे असंच गणित आहे. तारखेच्या जागी ठिकाण घालायचं: पूर्वेला इतके ठोकळे, उत्तरेला इतके. गणित सांगतं, इथे खडक, इथे पाणी, इथे हवा. तुम्ही त्या डोंगरावर पूर्वेकडून आलात की पश्चिमेकडून, आज आलात की चार वर्षांनी, उत्तर बदलत नाही.

पण इथे एक मोठी अडचण आहे. चंद्र नियमाने फिरतो, डोंगर नियमाने उगवत नाहीत. खरं वाटायचं असेल तर जगात लहर हवी, अनपेक्षितपणा हवा. आणि संगणकाला लहर नावाची गोष्टच माहीत नाही. तेच दिलं की तो तेच देतो. अशा यंत्राकडून लहरीपणा काढून कसा घ्यायचा?

हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी त्यावर एक युक्ती काढली होती. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, वर्गाचे आठ अंक लिहा आणि मधले चार उचला. समजा ५६७८ घेतली. वर्ग ३२२३९६८४, मधले चार अंक २३९६. पुन्हा वर्ग करा, ०५७४०८१६, मिळाले ७४०८. पुढे ८७८४, मग १५८६. या रांगेत तुम्हाला काही नियम दिसतो? फाशांनी पाडलेले आकडे वाटतात. तरीही ५६७८ पासून सुरुवात करणाऱ्या कुणालाही, कधीही, हीच रांग मिळेल. लहर वाटावी असा नियम! ५६७८ हे झालं सीड.

पण या युक्तीत खड्डे आहेत. रांग कधी ६१०० वर आली तर बघा काय होतं. त्यानंतर २१००, मग ४१००, मग ८१००, आणि मग पुन्हा ६१००. चार संख्यांच्या फेऱ्यात रांग कायमची अडकली. असं जग खेळात आलं तर? तेच चार डोंगर पुन्हा पुन्हा, क्षितिजापर्यंत.

इथे मला देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची आठवण होते. नाशिकजवळच्या त्या गावात शाळेत शिकवणारे, संख्यांच्या नादात आयुष्य घालवलेले कापरेकर. फॉन नॉयमन यांनी ज्या १९४९ साली आपली युक्ती एका परिषदेत मांडली, त्याच साली कापरेकरांनी त्यांची प्रसिद्ध संख्या जगापुढे ठेवली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर हेच करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि एकदा ६१७४ आली की ६१७४च येत राहते. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचाल. सगळ्या वाटा एका गावी नेणारं गणित कापरेकरांना सापडलं, आणि त्याचं सौंदर्य त्यातच आहे. खेळ रचणाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं: कुठल्याच गावी न थांबणारी वाट.

अशी वाट आहे. माइनक्राफ्टच्या मूळ आवृत्तीने वर्षानुवर्षं वापरलेली रीत तर तुम्ही कागदावरही करून बघू शकता, धीर असेल तर. हातातली संख्या २५,२१,४९,०३,९१७ ने गुणा, ११ मिळवा, आणि बायनरीत लिहून शेवटचे ४८ अंक ठेवा, बाकीचे सोडा. एवढंच. ही वाट २८१ लाख कोटी पावलं चालल्यावर मगच पहिल्या जागी परत येते. गुणाकार आणि बेरीज, चौथीतलं गणित! जगाचं सीड आणि जगाच्या एका तुकड्याचं ठिकाण मिळून एक नवा आकडा होतो, त्यातून ही रांग सुरू होते, आणि सोळा बाय सोळा ठोकळ्यांच्या त्या तुकड्यात झाड कुठे, फूल कुठे हे ठरतं.

तरी अजून डोंगर झालेला नाही. नुसत्या लहरी संख्यांना उंची मानून जमीन रचली तर काय दिसेल? एका ठोकळ्याची उंची नव्वद, शेजारच्याची तीन, त्याच्या शेजारी पुन्हा सत्तर. खिळ्यांचं रान. खऱ्या जमिनीत शेजारी शेजाऱ्याला धरून असतो, चढ हळूहळू चढतो. लहर हवी, पण ओघवती हवी.

ती सापडली एका चित्रपटामुळे. १९८२ साली डिस्नेचा ‘ट्रॉन’ आला, संगणकाने काढलेल्या दृश्यांचं तेव्हा मोठं अप्रूप होतं. केन पर्लिन हा तरुण त्या कामात होता, आणि ती दृश्यं त्याला खटकत होती. सगळं कसं गुळगुळीत, यंत्राच्या साच्यातून निघाल्यासारखं. त्याला हवा होता निसर्गातला ओबडधोबडपणा. त्याने पुढे जे केलं त्याला आज पर्लिन नॉइज म्हणतात. मनात आलेख कागद आणा. जिथे दोन रेषा छेदतात अशा प्रत्येक ठिकाणी लहरी संख्येने एक उतार ठरवा: इथे जमीन ईशान्येला चढते, तिथे दक्षिणेला. मग चौकोनाच्या आतल्या कुठल्याही बिंदूची उंची काढायची ती चारही कोपऱ्यांच्या उतारांचं मिश्रण करून. जो कोपरा जवळ, त्याचं वजन जास्त. बस. खिळे जातात आणि लाटा येतात, सलग तरीही कुठेच एकसारख्या नसलेल्या लाटा. या कामासाठी १९९७ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने पर्लिनला तांत्रिक कामगिरीचा पुरस्कार दिला. ढग, आग, धूर, संगमरवर, समुद्र: गेल्या चाळीस वर्षांत पडद्यावर पाहिलेल्या कितीतरी गोष्टींच्या पोटात हे गणित आहे.

आणि त्यावरची करामत तर फारच देखणी. पुण्यातून सिंहगड पाहिला की आकाशाला टेकलेली एक मोठी रेघ दिसते. पायथ्याशी आलात की त्या रेघेतून सोंडा आणि घळी फुटतात. चढायला लागलात की प्रत्येक सोंडेवर कातळाचे टप्पे, टप्प्यांवर दगड, दगडांवर खळगे. मोठ्या आकारावर लहान, लहानावर त्याहून लहान. गणितातही नेमकं हेच करतात. आधी एक रुंद, उंच लाट. तिच्यावर निम्म्या रुंदीची, निम्म्या उंचीची दुसरी. तिच्यावर आणखी निम्मी. पाच-सहा लाटांची बेरीज झाली की समोर जे उभं राहतं ते आपल्या डोळ्यांना सरळ डोंगर वाटतं. यात लाव्हा नाही, पाऊस नाही, कोट्यवधी वर्षांची झीज नाही. फक्त बेरीज आहे, आणि डोळा ती कबूल करतो!

पेर्सनने पुढे एक पाऊल टाकलं. नुसती उंची मोजण्याऐवजी त्याने लाटा तिन्ही दिशांना पसरवल्या आणि प्रत्येक बिंदूला विचारलं: इथे तुझी घनता किती? शून्याहून जास्त असेल तर खडक, कमी असेल तर हवा. एवढ्या एका बदलाने कडे पुढे झुकले, कमानी तयार झाल्या, जमिनीपासून सुटलेले तुकडे हवेत तरंगू लागले. २०२१च्या मोठ्या सुधारणेत गुहाही अशाच आल्या. त्यांची निर्मात्यांनी ठेवलेली नावं मला फार आवडतात: चीज, स्पॅगेटी आणि नूडल. चीज गुहा म्हणजे जिथे लाट एका मर्यादेपलीकडे गेली तिथला सगळा खडक काढून टाकायचा, मोठाली दालनं पडतात. स्पॅगेटी म्हणजे लाट जिथे शून्याच्या अगदी जवळ आहे तेवढीच अरुंद पट्टी कोरायची, लांबलचक नागमोडी भुयार मिळतं. आज लाखो मुलं मशाल घेऊन ज्या अंधारात शिरतात, तो अंधार म्हणजे एका समीकरणाचं शून्य आहे.

ही कल्पना माइनक्राफ्टची एकट्याची नाही. १९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ नावाचा अंतराळव्यापाराचा खेळ केला. बीबीसी मायक्रो या संगणकाची स्मृती ३२ किलोबाइट, आज फोनमधला एक साधा फोटो याहून कितीतरी मोठा असतो. त्यात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ तारे, प्रत्येकाला नाव, राज्यपद्धती आणि बाजारभाव. सगळं मिळून सहा बाइटच्या सीडमधून उलगडणारं. त्यांना खरं तर २८१ लाख कोटी आकाशगंगा द्यायच्या होत्या, गणिताला त्याचा काहीच भार नव्हता. प्रकाशकांनी आठांवर थांबवलं.

थांबवलं ते बरं झालं, असं मला वाटतं. २०१६ साली इंग्लंडमधल्या हॅलो गेम्सच्या छोट्या चमूने ‘नो मॅन्स स्काय’ आणला, १,८४,४६७ कोटी कोटी ग्रहांचा खेळ. प्रत्येक ग्रहावर एकच सेकंद उभं राहायचं ठरवलं तर सगळे पाहायला ५८ हजार कोटी वर्षं लागतील, आणि आपल्या विश्वाचं वय आहे १,३८० कोटी वर्षं. पण संख्या म्हणजे विविधता नव्हे. सूत्राचे हातचे दहा-बारा डाव ओळखीचे झाले की पुढचा ग्रह नवा असूनही जुना वाटतो. म्हणून त्या चमूने नंतरची वर्षं सूत्रात नवे डाव भरण्यात घालवली, एकामागून एक मोफत सुधारणा दिल्या, आणि लोक आजही तिथे रमतात. याउलट २०२४ चा ‘बलात्रो’ बघा. एका कॅनेडियन माणसाने एकट्याने केलेला पत्त्यांचा खेळ, वर्षभरात पन्नास लाख प्रती खपलेला. त्यात ना डोंगर ना ग्रह. पण प्रत्येक डावामागे आठ अक्षर-अंकांचं सीड आहे. ते मित्राला पाठवलं की त्यालाही तीच पानं पिसून मिळतात, तीच दुकानं, तीच संकटं. नशीब दोघांचं एक, मग जिंकतो तो अकलेने.

सूत्रातून घडलेल्या जगाला एक विलक्षण गोष्ट लाभते: त्याच्या टोकाला सूत्रच उघडं पडतं. माइनक्राफ्टच्या जुन्या आवृत्तीत मध्यापासून १,२५,५०,८२१ ठोकळे दूर गेलं की जमीन बिथरायची. कारण असं: लाट काढताना ठिकाणाला सुमारे १७१ ने गुणलं जाई, आणि इतक्या दूर तो गुणाकार २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाई. ३२ बिटांच्या पूर्णांकात याहून मोठी संख्या मावतच नाही. गणित तिथे अडकायचं, आणि आभाळाला भिडणारी, अजस्र बोगद्यांनी पोखरलेली भिंत उभी राहायची. खेळाडूंनी तिला नाव दिलं फार लँड्स. २०११च्या सुधारणेत ती गेली. पण त्याच वर्षी कर्ट जे. मॅक हा अमेरिकन खेळाडू जुनी आवृत्ती न सोडता त्या भिंतीकडे पायी निघाला होता. उडणं नाही, जादू नाही, पश्चिमेकडे चालायचं, आणि चालता चालता आजारी मुलांसाठी मदत गोळा करायची. ही चाल दहा वर्षांहून जास्त काळ सुरू राहिली. पूर्णांकाची हद्द बघायला निघालेला हा यात्रेकरू मला थोर वाटतो.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वात अचाट भाग. सीडवरून जग काढणं सोपं. जगावरून सीड काढता येईल?

खेळात एक जुनं चिन्ह होतं, १२८ बाय १२८ ठिपक्यांचं पुसट चित्र. पाणी, थोडी झाडं, एक डोंगर. सुरुवातीच्या दिवसांत कुणीतरी कुठल्यातरी जगात टिपलेलं, आणि ते जग कुठलं याची नोंद नव्हती. काही खेळाडूंनी ते शोधायचं ठरवलं. आधी चित्रातला ठिपका न् ठिपका बघून तो देखावा ठोकळ्या-ठोकळ्याने पुन्हा बांधला. ढगांवरून ठिकाणाचा अंदाज काढला, कारण ढगांची नक्षी ठरलेली असते. मग उलटा तपास: या जागी झाड यायचं असेल तर लहरी रांगेत अमुक संख्या अशीच पडायला हवी, शेजारच्या झाडासाठी तमुक. ज्या सीडमधून तशा संख्या निघत नाहीत ते बाद. इथे ते ४८ बायनरी अंक कामी आले. चाचपायच्या शक्यता अमर्याद नव्हत्या, २८१ लाख कोटी होत्या. एका संगणकाला जड, पण माइनक्राफ्ट ॲट होम नावाच्या उपक्रमात जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापले संगणक मोकळ्या वेळात जोडून दिले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये आकडा हाती आला: ३२५७८४०३८८५०४९५३७८७. तो घातला की ते पाणी, ती झाडं, तो डोंगर, सगळं हुबेहूब.

त्याआधी जुलैमध्ये याच मंडळींनी खेळाच्या सुरुवातीच्या पडद्यामागे फिरणाऱ्या देखाव्याचं सीड शोधलं होतं. नंतर ते हेरोब्राइनकडे वळले. हेरोब्राइन ही २०१० साली एका धुकट चित्रावरून पसरलेली भुताची कथा: पांढऱ्या डोळ्यांचा माणूस, झाडांमागे उभा. मुलं वर्षानुवर्षं त्याला घाबरली. त्या धुक्यातली झाडं आणि जमीन मोजून जानेवारी २०२१ मध्ये तोही आकडा निघाला, आणि ज्या जागेवर भूत दिसल्याचं सांगत होते त्या जागेवर आता कुणीही जाऊन उभं राहू शकतं.